मास्तरांच्या मागे: आईवडिलांचं गावातलं काम हाती घेणाऱ्यांसाठी

बाबांचं बारावं झालं, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दहावीतली एक मुलगी आमच्या फाटकाशी येऊन उभी राहिली. हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं पुस्तक. आत ये म्हटलं तर येईना. शेवटी हळूच म्हणाली, "हें पुस्तक आतां कोणाक दिवपाचें?"

मी लीडरशिप कोच आहे. पुण्यात बारा वर्षं कंपन्यांमधल्या अधिकाऱ्यांबरोबर काम केलं. कठीण प्रश्नासमोर शांत बसून राहायचं, हे माझं रोजचं काम. त्या सकाळी मात्र मला काही सुचलं नाही. "माझ्याकडे दे," म्हणाले आणि पुस्तक घेतलं. ते कुठल्या कपाटातलं, कुठल्या वहीत नोंदलेलं, मला काही ठाऊक नव्हतं. बाबा गोव्यात फोंडा तालुक्यातल्या आमच्या गावी मराठी प्राथमिक शाळेत मास्तर होते, आणि नोकरीत असताना आणि निवृत्तीनंतर मिळून चाळीसेक वर्षं त्यांनी गावचं वाचनालय चालवलं. चावी त्यांच्या खिशात, नोंदी त्यांच्या वहीत, बाकीचं सगळं त्यांच्या डोक्यात.

या गोष्टीला आता चार वर्षं झाली. मधल्या काळात माझ्यासारख्याच कोचिंग करणाऱ्या कितीतरी जणांचे फोन आले. कोणाच्या आईचं पेडण्यात महिला मंडळ, कोणाच्या वडिलांचं सत्तरी तालुक्यात भजनी मंडळ, कोणाच्या काकांची शेतकऱ्यांची सोसायटी. सगळ्यांचा प्रश्न एकच: सुरुवात कुठून करू? म्हणून मला जे उशिरा कळलं, ते इथे क्रमाने लिहिते आहे. वाचनालयाचं उदाहरण घेतलं आहे, कारण मला तेच ठाऊक आहे. तुमचं काम वेगळं असेल तर त्याप्रमाणे बदलून घ्या.

पहिला महिना फक्त वहीचा

पहिल्या महिन्यात काहीही बदलू नका. नवा फलक नको, नवा व्हॉट्सॲप गट नको, श्रद्धांजली सभेत भावनेच्या भरात दिलेली आश्वासनं तर अजिबात नकोत. एक जाड वही घ्या आणि आईवडिलांनी मागे काय काय ठेवलं ते लिहून काढा. कागदपत्रं आणि पैसे सगळ्यांच्याच लक्षात येतात. दिलेले शब्द मात्र यादीतून सुटतात, आणि काम खरं तर त्यांच्यावरच उभं असतं.

बाबांच्या खणात एक निळी वही सापडली. पुस्तकांची वही वेगळी होती, ही निराळी. तारखा, माणसांच्या नावांची आद्याक्षरं आणि त्यापुढे दोन-चार शब्द. 'रहिवासी दाखला, परत जाणे.' 'बँकेत हयातीचा दाखला, नोव्हेंबर.' 'मुलीचं नाव चुकलंय, पंचायत.' एका ठिकाणी नुसतं 'बोलणे' असं लिहून खाली दोनदा रेघ ओढली होती. पानं उलटता उलटता लक्षात आलं, यातल्या बहुतेक नोंदी मंगळवारच्या आहेत. मंगळवारी संध्याकाळी बाबा वाचनालयातल्या बाकावर बसून लोकांचे अर्ज भरून देत. दयानंद सामाजिक सुरक्षा योजना, गृह आधार, लाडली लक्ष्मी या सरकारी योजना, मामलेदाराकडचा पंधरा वर्षांच्या वास्तव्याचा दाखला. मी इतकी वर्षं घरी सांगत होते, 'बाबांचं वाचनालय आहे.' गावातल्या निम्म्या घरांना ते वाचनालय माहीत होतं ते या बाकामुळे.

तुमच्याही बाबतीत असं काहीतरी असणार. आईच्या महिला मंडळाच्या फलकावर शिवणवर्ग लिहिलेला असेल, आणि बायका येत असतील घरातलं कोणाला सांगता येत नाही ते आईला सांगायला. फलकावरचं नाव आणि आतलं काम यांतलं अंतर मोजल्याशिवाय पुढे जाऊ नका. कोचिंगच्या शिक्षणाचा इथे उपयोग होतो. समोरचा मागतो काय आणि त्याला हवं काय, हे ओळखण्याचाच तर आपला धंदा.

घरोघर जा, रिकाम्या हातांनी

दुसऱ्या महिन्यापासून भेटी सुरू करा. मी चौतीस घरं केली, त्याला पावसाळ्यासकट पाच महिने लागले. घाई करून चालत नाही. दुपारी एक ते चार कोणाच्या दारात उभं राहू नये, ही वेळ गोव्यात आडवं होण्याची. लावणीच्या दिवसांत आणि चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, आधीच्या आठवड्यात तर जाऊच नका, तेव्हा घरातली बाई माटोळीचं (गणपतीच्या वर टांगायच्या फळाफुलांचं) सामान आणि फराळ यांत बुडालेली असते. संध्याकाळी दिवेलागणीच्या आधी गेलात तर सोप्यावर निवांत बोलणं होतं.

हातात वही, फोन काही ठेवू नका. घरी आल्यावर लिहा. बोलणं कोकणीतून. आपल्याकडे घरात कोकणी आणि कागदावर मराठी ही जुनी रीत आहे, तिच्यावर वाद घालत बसू नये. सभेचं इतिवृत्त मराठीत लिहा, माणसाशी त्याच्या तोंडच्या भाषेत बोला. कॉर्पोरेटमधले 'व्हिजन', 'स्टेकहोल्डर' हे शब्द घरच्या कपाटात ठेवून या.

मी प्रत्येक घरी तीन गोष्टी विचारल्या. तुम्ही बाबांकडे कशासाठी यायचात? त्यांनी तुम्हाला काही सांगितलं होतं आणि ते व्हायचं राहून गेलं, असं काही आहे का? तिसरा प्रश्न मी सुरुवातीला चुकीचा विचारत होते, 'त्यांचं काय पटत नव्हतं?' गेलेल्या माणसाविषयी त्याच्या मुलीसमोर असं कोण बोलेल? सगळे म्हणत, "देवमाणूस." मग शब्द बदलले: "त्यांना वेळ मिळाला असता तर त्यांनी आणखी काय करायला हवं होतं?" तेव्हा लोक बोलू लागले. वाचनालय मुलींच्या सोयीच्या वेळी उघडं नसतं. खालच्या वाड्यावरची माणसं तिथे यायला बिचकतात. बाबा एकदा रागावले की वर्षभर बोलत नसत. हे शेवटचं एका सत्तरीच्या काकींनी सांगितलं, आणि सांगताना त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मीही रडले. अशा भेटीत रडू आलं तर येऊ द्या.

गावात जुनी भांडणं असतात आणि ती तुमच्या वाट्यालाही येतात. बाबा सिंहाला, म्हणजे महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाला, मत देणारे, मराठीचे कट्टर. गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा का यावरचा १६ जानेवारी १९६७ चा जनमत कौल, नंतर ऐंशीच्या दशकातलं भाषेचं आंदोलन, कोकणीला राजभाषा ठरवणारा फेब्रुवारी १९८७ चा कायदा, या प्रत्येक वळणावर गावातली घरं वेगवेगळ्या बाजूंना उभी होती आणि काही घरांत त्याची धग अजून आहे. एका घरी मला आजोबांनी स्पष्ट विचारलं, "तूं मास्तरांची धूव न्हय गो? मागीर तुजें मत किदें?" (तू मास्तरांची मुलगी ना? मग तुझं मत काय?) मी म्हटलं, बाबांची मतं बाबांची होती, मी तुमच्या नातवासाठी पुस्तकं घेऊन आले आहे. ते हसले नाहीत, पण त्यांनी चहा मागवला. वडिलांच्या मतांची जबाबदारी घेऊ नका आणि ती नाकारूही नका. त्यांची म्हणून सांगा आणि पुढे चला.

वाचनालय म्हणजे नुसती पुस्तकं नव्हेत, हे का समजून घ्यायचं

ज्यांचं काम वाचनालयाचं आहे त्यांच्यासाठी हे थोडं विषयांतर. पणजीचं मध्यवर्ती ग्रंथालय १८३२ सालचं. पण गावातल्या मराठी वाचनालयांची गोष्ट निराळी आहे. १९१० मध्ये पोर्तुगालात प्रजासत्ताक आलं, इथल्या हिंदूंवरचे निर्बंध सैल झाले, आणि त्यानंतरच्या वर्षांत देवळांच्या अग्रशाळांत (यात्रेकरूंच्या निवासांत), कोणाच्या ओसरीवर मराठी शाळा आणि वाचनालयं उभी राहिली. पुढे पोर्तुगीज हुकूमशहा सालाझारच्या राजवटीत सभा आणि छापील मजकुरावर नजर असायची, तेव्हा चार माणसांनी एकत्र बसण्याला वाचनालय हे निमित्त होतं. मुक्तीनंतर पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर यांच्या सरकारने खेडोपाडी प्राथमिक शाळा काढल्या, त्या लाटेत बाबांसारखे कितीतरी तरुण मास्तर झाले. शाळा सुटल्यावर ते वाचनालयात बसत. त्या खोलीत जुन्या माणसांना पुस्तकांपेक्षा खूप काही दिसतं. खुर्च्या हलवल्या तरी ते हळहळतात. त्यांना विचारून हलवा.

कागद आणि पैसे: इथे मऊपणा नको

इथे सविस्तर लिहिते, कारण चांगली कामं या खड्ड्यात पडलेली मी पाहिली आहेत.

बहुतेक गावसंस्था १८६० च्या सोसायटी नोंदणी कायद्याखाली नोंदलेल्या असतात. नोंदणीला किमान सात माणसं लागतात, आणि दरवर्षी कार्यकारिणीची यादी निबंधकाकडे द्यावी लागते. आमच्या यादीत सातपैकी तिघं हयात नव्हते. यादी अनेक वर्षं दिलेलीच नव्हती. तुमच्याकडेही असंच निघालं तर घाबरू नका, कोणावर रागावूही नका. आधी नोंदणीचा दाखला आणि संस्थेची घटना (नियमावली) शोधा. आमच्या तालुक्यातल्या लोकांसाठी एक खास सूचना: फोंडा २०१५ मध्ये उत्तर गोव्यातून दक्षिण गोवा जिल्ह्यात गेला, त्यामुळे जुनी फाईल नक्की कुठल्या कार्यालयात आहे ते आधी विचारून घ्या, मगच गाडी काढा. त्यानंतर घटनेप्रमाणे सूचना काढून सर्वसाधारण सभा घ्या, नवी कार्यकारिणी निवडा, इतिवृत्त लिहा, सह्या घ्या, यादी दाखल करा.

त्या सभेत लोक तुम्हाला अध्यक्ष करतील. होऊ नका. मी सहसचिव झाले. अध्यक्षपदी बाबांचे जुने सहकारी बसले, ज्यांना सगळं गाव मानतं. माझं काम कागदांचं आणि माणसं जोडण्याचं, त्याला पद लागत नाही.

दुसरी गोष्ट पैशांची. वाचनालयाच्या ठेवीचे पैसे बाबांच्या वैयक्तिक नावावरच्या खात्यात निघाले. हेतू शुद्ध होता. कोणे एके काळी संस्थेचं खातं उघडताना काहीतरी अडलं, तात्पुरतं म्हणून आपल्या नावावर ठेवलं आणि ते तसंच राहिलं. पण गोव्यात याचा अर्थ काय होतो ते ध्यानात घ्या. आपल्याकडे पोर्तुगीज काळातल्या १८६७ च्या नागरी संहितेची परंपरा आहे, आणि आता वारसा व इन्व्हेंटरीचा (वाटणीसाठी मालमत्तेची यादी करण्याचा) २०१२ चा स्वतंत्र कायदा आहे. करार करून वेगळं ठरवलं नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता सामायिक धरली जाते, अर्धा वाटा हयात जोडीदाराचा, आणि उरलेल्यात मुलांचा राखीव हिस्सा, जो मृत्युपत्रानेही काढून घेता येत नाही. म्हणजे वाचनालयाची ठेव कागदोपत्री आईची, माझी आणि भावाची झाली होती. भावाने एका वाक्यात सांगितलं, "ते पैसे गावचे." तरीही आम्ही वकिलाकडे बसून सगळ्या वारसांच्या सहीने कागद केला आणि मगच रक्कम संस्थेच्या खात्यात वळवली. घरात गोडवा असतो तेव्हाच असे कागद करून घ्यावेत. बहीण-भावांची लग्नं, जमिनीचे प्रश्न, बाहेरगावचे खर्च यांत पुढे कधी काय होईल सांगता येत नाही.

खात्याचंही बघा. दोन वर्षं काही व्यवहार झाला नाही तर बँक खातं निष्क्रिय धरते आणि ते पुन्हा चालू करायला केवायसी, ठराव, नव्या सह्या असं सगळं लागतं. सह्या करणारे तीन जण ठेवा, त्यांतल्या कोणत्याही दोघांच्या सहीने व्यवहार होईल असा ठराव करा, आणि तुमच्या घरातला एकच माणूस त्यांत असू द्या.

जागेचं तिसरं. आमची खोली देवस्थानच्या आवारात आहे, तोंडी परवानगीवर. बाबा आणि तेव्हाचे महाजन, म्हणजे देवस्थानच्या हक्कदार घराण्यांतली माणसं, एकत्र वाढलेले, कागदाचा प्रश्नच आला नाही. देवस्थानांचा कारभार १९३३ च्या देवस्थान नियमावलीने चालतो आणि मामलेदार त्यांचा प्रशासक असतो, म्हणून देवस्थान समितीचा लेखी ठराव असणं तुमच्याही हिताचं आणि त्यांच्याही. भाटकाराच्या (जमीनमालकाच्या) घराच्या एका खोलीत काम चालत असेल तर तिथेही तेच. मागताना 'आम्हाला हक्क हवा' असं बोलू नका. 'तुमच्या वडिलांनी जे दिलं ते लिहून ठेवूया, म्हणजे त्यांचं नावही राहील,' असं म्हणा. आम्हाला ठराव मिळायला सात महिने लागले आणि त्या सात महिन्यांत मी देवळात जास्त वेळा गेले. ते चांगलंच झालं.

संस्थेचा उद्देशच बदलायचा असेल, म्हणजे समजा वाचनालयाचं नेतृत्व प्रशिक्षण केंद्र करायचं असेल, तर मूळ कायद्याप्रमाणे तीन-पंचमांश मतं लागतात आणि महिन्याच्या अंतराने दुसऱ्या सभेत ती पुन्हा मिळवावी लागतात. माझ्या मते पहिल्या तीन वर्षांत हा विचारही करू नये. गावाने तुम्हाला त्यासाठी बोलावलेलं नाही.

तुमची कोचिंगची पेटी: काय चालतं, काय चालत नाही

पहिली मोठी बैठक मी माझ्या सवयीने घेतली. खुर्च्या गोलाकार, भिंतीवर मोठा कागद, प्रत्येकाच्या हातात रंगीत चिठ्ठ्या आणि पेन. 'वाचनालय पाच वर्षांनी कसं असावं ते लिहा.' बायका खुर्च्या सोडून भिंतीशी जाऊन बसल्या. पुरुष चिठ्ठ्या हातात फिरवत राहिले. बाबांच्या वयाचे एक गृहस्थ उठले, चिठ्ठी घडी करून खिशात ठेवली आणि म्हणाले, "मास्तरांनी आम्हाला कधी लिहायला लावलं नाही." ते निघून गेले. रात्री झोप लागली नाही. त्यांच्या घरी दुसऱ्या दिवशी गेले तेव्हा कळलं, त्यांची शाळा दुसरीत सुटली होती. वाचनालयात ते रोज वर्तमानपत्र हातात घेऊन बसत आणि बाबा त्यांना मोठ्याने बातम्या वाचून दाखवत. चाळीस वर्षं ही गोष्ट कोणाला कळू न देता.

कंपनीत माणसाला मत मांडण्याचा पगार मिळतो. गावात शेजाऱ्यासमोर मत मांडलं की त्याची किंमत मोजावी लागते. बाजूला बसलेल्याशी बांधावरून वाद असतो, समोरच्याकडे मुलीचं स्थळ असतं. म्हणून खरं बोलणं आधी एकेकट्याशी करून घ्या. सभेत फक्त ते आणायचं, ज्याला आधीच चार जणांचा होकार आहे. सभेची वेळ अर्धा तास. त्यानंतर चहा, आणि चहाच्या वेळी जे कानावर येईल ते सभेपेक्षा जास्त लक्ष देऊन ऐका.

कोचिंगमध्ये ध्येय, सध्याची स्थिती, पर्याय आणि निश्चय अशा क्रमाने संभाषण पुढे नेण्याची पद्धत आहे. इंग्रजी आद्याक्षरांवरून तिला 'ग्रो' म्हणतात, १९८० च्या दशकात ब्रिटनमध्ये ती घडली. गावात मी तिचा क्रम बदलला. 'तुम्हाला काय व्हायला हवं?' हा प्रश्न आधी विचारला की माणूस संकोचतो, किंवा सरकारकडे मागायची यादी सांगतो. 'आता काय चाललंय?' इथून सुरू केलं की तो तासभर बोलतो आणि बोलता बोलता त्याचं त्यालाच ध्येय सापडतं. पेटीतलं जे जसंच्या तसं उपयोगी पडलं ते एकच: प्रश्न विचारून गप्प बसणं. "मास्तर आशिल्ले जाल्यार..." (मास्तर असते तर...) असं कोणी म्हणालं की पहिलं वर्षभर मला लागायचं. मग मी विचारू लागले, "ते काय करायचे? मला सांगा ना." माणूस सांगतो. मी लिहून घेते. बाबांची काम करण्याची अर्धी रीत मला या तक्रारींतून मिळाली.

चाव्या

बाबांकडे वाचनालयाची एकच चावी होती. ते आजारी पडले की वाचनालय बंद. मी तीन चाव्या केल्या आणि तीन वाड्यांवरच्या तिघांना दिल्या. त्यांत खालच्या वाड्यावरची एक कॉलेजात जाणारी मुलगी होती. दुसऱ्या तिघी-चौघींनी तोंडं वाकडी केली. शनिवारची संध्याकाळ तिची ठरली, मुलींसाठी.

जुलैत एका रात्री खिडकी उघडी राहिली. चाव्यांपैकी कोणाकडून राहिली ते मी विचारलं नाही. सकाळी खालच्या दोन फळ्यांवरची पुस्तकं भिजून फुगलेली. त्यांत बाबांनी स्वतःच्या हाताने बांधणी केलेले मासिकांचे जुने खंड होते. त्या दिवशी चाव्या परत घ्याव्यात असं मला फार वाटलं. आईने पंखा लावला, जमिनीवर वर्तमानपत्रं पसरली, आम्ही पाच-सहा जणींनी पानापानात कोरडा कागद घालत दुपार काढली. चाव्या आहेत त्याच हातात राहिल्या. खिडकीला जाळी आणि आतून कडी बसवली, आणि बंद करताना काय काय बघायचं याचा मोठ्या अक्षरांतला कागद दाराच्या आतल्या बाजूला लावला.

तुम्ही एखाद्याला काम दिलं की ते पूर्ण द्या. एक काम, एक माणूस, एक तारीख. मध्ये जाऊन सुधारू नका. चूक झाली तर चुकीची जागा दुरुस्त करा, माणसाला हलवू नका. वर्गात मी हे शंभरदा शिकवलं होतं. बाबांचे खंड भिजल्यावर ते पाळणं किती जड जातं, ते तेव्हा कळलं.

गोव्याचं वर्ष आणि तुमचं वेळापत्रक

थोडक्यात सांगते. जून ते सप्टेंबर कपाटांत दमट हवा साचते, म्हणून डांबरगोळ्या, कडुलिंबाचा पाला, आठवड्यातून एकदा दारं उघडून पंखा. ऑक्टोबरच्या उन्हात पुस्तकं बाहेर, पण थेट उन्हात नको, सावलीच्या कडेला. वाळवीसाठी कपाट भिंतीपासून चार बोटं दूर. चवथीला मुंबई-पुण्याचे गाववाले मूळ घरी येतात. पाचव्या दिवसानंतर त्यांना भेटा, देणगी आणि जुनी पुस्तकं तेव्हाच मिळतात. कार्तिकापासून शिगम्यापर्यंत जत्रा, दशावतारी काले आणि नाटकांच्या तालमी, त्या काळात संध्याकाळची बैठक ठेवली तर तरुण मुलं येणार नाहीत. त्यापेक्षा तालमीच्या जागी जा. ग्रामसभा रविवारी असते, ती चुकवू नका. बोलायचं नसलं तरी मागे बसा.

एक बदल लक्षात घ्या. बाबा दरवर्षी जूनमध्ये जुनी पाठ्यपुस्तकं गोळा करून पुस्तकपेढी चालवायचे. आता वरच्या इयत्तांचं शाळेचं वर्ष एप्रिलातच सुरू होतं. पहिल्या वर्षी मला हे लक्षात आलं नाही आणि मुलांनी नवी पुस्तकं विकत घेऊन झाल्यावर आमची पेढी उघडली. आता मार्चअखेरीस गोळा करतो. आईवडिलांची पद्धत पाळताना ती ज्या कारणासाठी होती ते कारण अजून तिथेच आहे का, हे दरवर्षी एकदा तपासा.

बाहेरचा पैसा, आणि तुमचा स्वतःचा व्यवसाय

पहिल्या वर्षी कंपन्यांच्या सीएसआर (सामाजिक जबाबदारीच्या) निधीच्या मागे लागू नका. त्यासाठी संस्थेची वेगळी नोंदणी, हिशेबतपासणी, अहवाल असा मोठा पसारा लागतो, आणि कागद नीट नसताना आलेला पैसा संस्था मोडतो. गोव्यात १९९३ चा सार्वजनिक ग्रंथालय कायदा आहे, कला आणि संस्कृती संचालनालयाकडे ग्रंथालयांसाठी योजना असतात, आणि पुस्तकांसाठी कोलकात्याच्या राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानाची मदत मिळू शकते. तिकडे आधी चौकशी करा. देणगी शक्यतो बँकेतूनच घ्या. करसवलत देणाऱ्या संस्थेलाही दोन हजारांवरच्या रोख देणगीवर दात्याला सवलत मिळत नाही, हे चवथीला पाकीट उघडणाऱ्या गाववाल्याला आधीच सांगा. पावती त्याच क्षणी द्या.

तुमचा व्यवसाय आणि हे काम वेगळं ठेवा. मी गावच्या कामाचे फोटो माझ्या कोचिंगच्या जाहिरातीत वापरत नाही. एका कंपनीने 'तळागाळातलं नेतृत्व' या नावाने अधिकाऱ्यांना आमच्या गावात सहलीला आणायचं सुचवलं, चांगले पैसे देणार होते. मी नकार दिला. मंगळवारच्या बाकावर बसलेल्या म्हाताऱ्या बाईला कोणी बघायला यावं, हे मला सहन होणार नाही. आठवड्याचे दोन दिवस गावाचे, बाकीचे पोटापाण्याचे, असा हिशेब ठेवला तरच हे टिकतं. दोनाचे पाच दिवस होऊ लागले की एक माणूस वाढवा, दिवस वाढवू नका.

सहा महिन्यांत कोणीतरी येऊन म्हणेल, पंचायतीला उभ्या राहा, मास्तरांच्या नावावर निवडून याल. तुम्हाला राजकारणात जायचंच असेल तर जरूर जा, ते वाईट नाही. पण मग संस्थेतलं पद त्याच दिवशी सोडा. अर्ज भरायला येणाऱ्या माणसाला आपण कोणाला मत दिलं याचा विचार करावा लागू नये.

मंगळवार

शेवटचं काम मात्र पहिल्या आठवड्यातच सुरू करा: आईवडील ज्या वाराला, ज्या वेळेला, ज्या जागी बसायचे, तिथे जाऊन बसा. काही येत नसलं तरी. पहिल्या चार मंगळवारी माझ्याकडे कोणी आलं नाही. पाचव्याला एक आजी आल्या, पिशवीतून बँकेचं पुस्तक काढलं. दयानंद योजनेचे पैसे तीन महिने जमा झाले नव्हते. हयातीचा दाखला द्यायचा राहिला होता, कारण दरवर्षी बाबा आठवण करून देत. त्यांच्याबरोबर बँकेत गेले. परतताना त्यांनी माझ्या हातात दोन केळी ठेवली. त्या रात्री मी निळ्या वहीत, बाबांच्या शेवटच्या नोंदीखाली एक ओळ सोडून, तारीख घातली आणि लिहिलं: 'हयातीचा दाखला, दिला. पुढच्या वर्षी आठवण.'

आता त्या आठवणींची यादी भिंतीवर आहे, आणि दरवर्षीची पहिली फेरी शनिवारची चावी सांभाळणारी मुलगी करते. मी सहसचिवपदावर दोन मुदती राहीन असा ठराव मागच्या सर्वसाधारण सभेत करून घेतला. तुम्हीही तुमच्या जाण्याची तारीख लोकांसमोर इतिवृत्तात लिहून घ्या, आणि तोवर मंगळवारी साडेपाचला दार उघडं ठेवा.